कडेचा बाण

शेवटचा बाण दहाच्या वर्तुळाच्या अगदी कडेला रुतला. रेषेला टेकला असेल तर कांस्यपदक वैजूचं, नाहीतर समोरच्या इटालियन मुलीचं. परदेशातल्या त्या बंद सभागृहात सगळ्यांनी माना उंचावल्या. पंच भिंग घेऊन निघाले. त्यांनी पाहेपर्यंत बाणाला कुणी बोटही लावायचं नसतं.

वैजूच्या प्रशिक्षकांना विमानात जागा मिळाली नव्हती, तिरंदाजी संघटनेच्या सचिवांच्या सौभाग्यवतींना मिळाली होती. त्यामुळे प्रशिक्षकाच्या खुर्चीत सचिव घारपुरेच बसले होते. सकाळपासून त्यांचा एकच सल्ला होता, "वाऱ्याचा अंदाज घे, बाळ."

"साहेब, इथे खिडकीसुद्धा नाही."

"तरी घ्यावा."

आता ते लगबगीने उठून पंचांच्या आधी पोचले.

"साहेब, हात नका लावू!" वैजू ओरडली.

"अगं, फोटोपुरता!" म्हणत त्यांनी बाण उपटला आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. पंचांनी फाटक्या भोकाकडे पाहिलं आणि नऊ गुण दिले.

परत आल्यावर विमानतळावर पत्रकारांपुढे सचिवांनी वैजूच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगी गुणी आहे हो, पण मोक्याच्या क्षणी दडपण घेते. पुढच्या स्पर्धेलाही मीच सोबत जाणार."

वैजूला आयुष्यात पहिल्यांदाच दडपण आलं.