एकानं कमी

"कच्च्या लोखंडाचे भाव? वाढले, तेवढेच, की घटले?"

धंद्याच्या पाहणीचा फोन दर महिन्याला यायचा; तीच पोरगी, तीच तीन उत्तरं.

"वाढले," फाउंड्रीचे मालक मगदूम म्हणाले.

"तुमच्या मालाचे?"

"तेवढेच. वाढवले तर गिऱ्हाईक तुटतंय."

समोर केरबा बसला होता, तीस वर्षं याच भट्टीपाशी साचे भरणारा. मगदूमांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं, पण त्याच्यासाठी दुसरा चहा मागवला तरी 'उद्यापासून येऊ नकोस' हे काही तोंडातून फुटेना.

फोन स्पीकरवर होता. "कामगार?"

मगदूमांनी केरबाकडे पाहिलं आणि नजर वळवली. "तेवढेच."

केरबानं मूठ झिजलेली आपली थापी टेबलावर ठेवली.

"दुसरा चहा मागवलात तेव्हाच कळलं, मालक. पोरीला खोटं कशाला सांगताय? एकानं कमी म्हणा."