खडपाजवळचं पाणी

"आज तरी जातलंस?" चहाचा कप पुढ्यात ठेवत आईने विचारलं.

दिगंबर मोबाइलवर लाटांचा अंदाज बघत होता. पर्यटकांना स्कुबाला कधी न्यायचं, हे तो एरवी त्यावरूनच ठरवायचा. या खेपेला मात्र पाण्याखाली त्याचा धाकटा भाऊ होता. मासेमारीची होडी समुद्रातल्या खडपावर, पाण्याखालच्या खडकांवर, आपटून बुडाली, बाकीचे पोहत आले, लवू आला नाही.

"नाय, आये."

"दर्या तर गप आसा. मगे कित्याक थांबलंस?"

वारा पडला होता, हे खरं. पण दूरच्या वादळातून निघालेल्या लांबलचक लाटा किनाऱ्याकडे येत होत्या. वरून त्या जाणवतही नव्हत्या, खडपाजवळ मात्र तळापर्यंत पाणी घुसळून काढणार होत्या. त्याने आईला समजावून सांगितलं. तिने तोंड फिरवलं.

"भाव तुझो आसा," एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी लाटा ओसरल्या, पाणी निवळलं. दिगंबरने सिलिंडर होडीत चढवला, तशी आई धावत आली आणि तिने त्याचा दंड घट्ट धरला.

"जाव नको. तो गेलो तो गेलो. तू जाव नको."

"आये, आज पाणी बरा आसा."

तिने दंड सोडला नाही. शेवटी त्याने तिलाही होडीत घेतलं.

खडपाजवळ तो पाण्यात उतरला. ती होडीचा काठ धरून वर येणारे बुडबुडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने दिगंबर वर आला. त्याच्या हातात दोरी होती आणि दोरीला जड ओझं होतं. आईने आधी दिगंबरच्या ओल्या तोंडावरून हात फिरवला. मग दोरीकडे पाहिलं.