सगळे डोस
"सगळे डोस झालेत ना?" तापाने फणफणलेल्या मुलाला दाखल करून घेताना शिकाऊ नर्सने विचारलं. "एकही चुकवला नाही, सिस्टर," आई छातीठोकपणे म्हणाली. नर्सला हायसं वाटलं. तिने त्याला वॉर्डात इतर मुलांमध्येच खाट दिली. अंग पुसताना मात्र त्याच्या कानांमागे लालसर पुरळ दिसलं. गोवर? छे, लस झालीय की! तरी खात्रीसाठी तिने विचारलं, "ताई, डोस कुठे दिले होते?" "कुठे म्हणजे? घरीच." आईने पिशवीतून अँटिबायोटिकची रिकामी बाटली काढून उलटी धरली. "बघा, थेंबही उरवला नाही. डॉक्टर म्हणालेच होते, डोस मधेच सोडू नका." "आणि लसी?" "सुया होय? त्या नाही टोचल्या. फार रडतो हो." मुलगा खोकला. गोवराची लस टोचायचंही वय न झालेलं शेजारच्या खाटेवरचं तान्हं बाळ दचकून जागं झालं.