धाकट्याची बांग

आमच्या जुन्या मशिदीत भोंगा नाही. सज्ज्यातून बांग दिली की घुमटच आवाज उचलतो आणि मोहल्लाभर पोचवतो. अब्बांनी जाताना हे काम मला, थोरल्याला, दिलं नाही, धाकट्याला दिलं. तेव्हापासून त्याच्या आवाजाचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

आज दुपारी त्याचा घसा पार बसला.

"भाईजान, आज तुम्हीच द्या," तो कसाबसा कुजबुजला.

मी मनातल्या मनात उड्या मारत वर गेलो, रिवाजाप्रमाणे कानांत बोटं घातली आणि जीव ओतून बांग दिली.

खाली उतरलो तर शिंपीचाचा डोळे पुसत होते. "तुझ्या भावाने आज काळीज हलवलं रे!"

"चाचा, बांग मी दिली."

"चल, थट्टा करतोस होय!" ते हसले. हौदावर हातपाय धुणारे सगळेच हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी मी कानांत बोटं घातलीच नाहीत. म्हटलं, माझा आवाज मला तरी ऐकू दे. पहिला शब्द उच्चारला आणि घुमटातून धाकट्याचा आवाज आला, स्वच्छ, गोड.

मी तोंड मिटलं.

बांग थांबली नाही. पुढचा शब्द आला, त्याच्याही पुढचा आला. मी कठडा घट्ट धरून खाली पाहिलं. हौदाच्या काठावर धाकटा बसला होता, गळ्याला मफलर, ओठ गच्च मिटलेले. तो माझ्याकडेच पाहत होता.

त्याने दोन्ही कानांत बोटं घातली होती.