मशीनरूमची किल्ली
लिफ्टच्या मेकॅनिकने पाळकसाहेबांसमोर चौथ्यांदा तेच पाप कबूल केलं. “घरी बायको असूनही त्या इमारतीतलं काम संपलं की पाय त्या बाईच्या दाराकडे वळतात. प्रार्थना करा माझ्यासाठी.” पाळकसाहेब भडकले. “तीनदा केली! तिथल्या लिफ्टच्या मशीनरूमची किल्ली तुझ्या मालकाला परत दे.” “त्यांनी कारण विचारलं तर अब्रू जाईल माझी!” “म्हणजे तुला पाप सोडायचं नाहीये, फक्त मन हलकं करायचंय.” मेकॅनिकच्या अंगाचा तिळपापड झाला. दार आपटून त्याने कंपनीचं कार्यालय गाठलं आणि किल्ली मालकाच्या टेबलावर आदळली. “त्या इमारतीत मला पाठवू नका. माझा पाय घसरतो.” “फरशी ओली असते?” मालकाने विचारलं. हो म्हणून सुटता आलं असतं. “नाही,” तो ओरडला, “तिथं एक बाई राहते!” मालकाने किल्ली खणात टाकली. पाळकसाहेबांना शिव्या घालत तो बायकोला सांगायला निघाला.