सोनुबाईच्या नावाचा फोटो

निपाणीत आमच्या तंबाखूच्या वखारीवर छातीचे फोटो काढणारी गाडी आली. सासू सोनुबाई वर्षभर खोकत होती. रोग निघाला तर काम जाईल म्हणून तिनं स्वतःच्या नावावर मला उभं केलं.

आठवड्यानं डॉक्टर मला म्हणाले, “सोनुबाई, फुफ्फुसात डाग आहे. लहान आहे. थुंकी तपासू, औषधानं बरा होईल.”

घरी हे सांगताच सासू माझ्या नवऱ्यावर खेकसली, “देवाप्पा, हिच्या आईबानं रोगट पोरगी आपल्या गळ्यात मारली रं! उद्याच माहेरी सोडून ये.”

नवऱ्यानं नंदीबैलासारखी मान हलवली. मी बोचकं बांधायला घेतलं.

सासूला ढास लागली. खोकून, थुंकून झाल्यावर म्हणाली, “जायच्या आदी माझं थुकायचं डबडं तेवढं घासून ठेव गं. रोज घासतीस तसं.”