सासूबाईंचा ट्रेलर

"तिला सांग, बोल्ट आतून फिरतोय," मोटरसायकलच्या डाव्या बाजूला आडव्या पडलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"आई म्हणते, बोल्ट आतून फिरतोय," नवऱ्याने दारातून कळवलं.

सून उजव्या बाजूला आडवी होती. दोघींच्या नाकांमध्ये अंतर म्हणाल तर एका मागच्या चाकाचं. "त्यांना सांग, सतराच्या पान्याने डोकं घट्ट धरा," ती म्हणाली. "बोल्टचं."

चार दिवस असंच चाललं होतं. कारण म्हणाल तर इतकंच, की सुनेने चमच्यांच्या खणात आपले पाने ठेवले होते, आणि सकाळी साखर ढवळायला हात घातलेल्या सासूबाईंच्या कपात बाराचा पाना गेला. शब्दाने शब्द वाढला. शेवटी सासूबाईंनी जाहीर केलं, की निवृत्तीनंतर घेतलेली ही लांब पल्ल्याची गाडी त्यांनी काही ताडपत्रीखाली झाकायला घेतलेली नाही. त्या निघाल्या. दोन महिने तोंड दाखवणार नाहीत. फक्त मागे ट्रेलर ओढायला हुक बसवून हवा.

आता पंचाईत अशी, की असा हुक नीट बसवणारं एकच गॅरेज होतं, आणि ते सुनेचं होतं. हे गावभर सासूबाईंनीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे नाकारायची सोय नव्हती.

सुनेने लगेच होकार दिला. 'दोन महिने' हे शब्द तिने मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिले. तिन्ही वेळा गोड लागले.

तीन बोल्ट बसले. चौथ्याला नवऱ्याचा फोन वाजला आणि दुभाषा आत गेला. बोल्ट अर्धवट आवळलेला.

"धरलाय?" सुनेने चाकाला विचारलं.

"धरलाय," चाकापलीकडून आलं.

तिने जोर लावला. पलीकडच्या मनगटाला हिसका बसला असणार, पण पाना तसूभर हलला नाही. बोल्ट बसला. आणि नेमकं तेव्हाच सुनेला आठवलं, की शंभर किलोमीटर झाले की हे चारही बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा.

ती पडल्या पडल्या विचार करू लागली. सांगावं, तर सासूबाई जायच्या नाहीत आणि दोन महिने गेले पाण्यात. न सांगावं, तर ट्रेलर एका गावाला आणि सासूबाई दुसऱ्या. तिने तो अनोळखी रस्ता डोळ्यांसमोर आणला. रस्त्याच्या कडेला सासूबाई, हातात सतराचा पाना, आणि पलीकडे कोणीच नाही.

"आई," ती म्हणाली, "शंभर किलोमीटरवर हे परत आवळावं लागतं. एकट्या माणसाचं काम नाही ते. नका जाऊ."

सासूबाई उठून बसल्या. कपाळाला ग्रीस लागलं होतं. त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या डब्यांवर एकेक थाप मारली.

"गॅरेज चालवतेस ना तू? एकटीचं सामान या दोन डब्यांत मावतं. ट्रेलर कोणाच्या सामानाला, हे चार दिवसांत एकदा तरी विचारायचंस."